सहीचं शेपूट

९ जानेवारी

मुंगे,

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळावर चढलेली आठी उतरेल. समेटाला आधी भांडण लागतं. आपलं भांडण कुठे झालं? तू निघून गेलीस, मी इथेच राहिले, एवढंच.

लिहायचं कारण वेगळं आहे. तुला कुणीतरी फसवतंय असा मला संशय आहे.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांना छापचित्रं जमवायचा नाद आहे. आजच्या, काम करत असलेल्या चित्रकारांचीच घेतात, आणि खरं सांगायचं तर सध्या फक्त तुझीच घेतात. तुझी 'पाण्याची टाकी' त्यांच्याकडे आहे, 'शिडी' आहे, 'वाळत घातलेले मोजे' तर आहेतच. एकेक नाही, जितक्या प्रती हाताला लागल्या तितक्या. भिंतीवर मात्र एकही लावत नाहीत. उजेडानं कागद पिवळा पडतो म्हणतात. मध्ये चांगल्या कागदाचे ताव घालून सपाट खोक्यांत पलंगाखाली ठेवतात.

तर या बाईंना तुझ्या त्या कलादालनाच्या मालकिणीचं लक्षण ठीक दिसत नाही. गळ्यात लिंबाएवढे मणी, ओठांवर साखर. "शेवटची प्रत आहे हं ताई, तुमच्यासाठी म्हणून बाजूला ठेवली," असं म्हणते आणि पुढच्या महिन्यात गेलं की त्याच लांबरुंद खणातून आणखी एक शेवटची प्रत निघते. कुठेतरी पाणी मुरतंय.

मर्यादित आवृत्ती म्हणजे काय हे मी तुला शिकवायला नको. वीस म्हटल्या की वीस. सगळ्या एकसारख्या, प्रत्येकीखाली तुझ्या हातानं पेन्सिलीनं नंबर आणि सही, आणि मग ज्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं चित्र ओरखडून छापलं, त्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करायचा. लोक तुझ्या चित्राइतकाच या शब्दावर विश्वास ठेवून घेतात. एकविसावी प्रत कुठे निघाली तर आधीच्या वीसही खोट्या ठरतात, आणि नाव त्या मणीवालीचं नाही, तुझं जातं.

'शिडी'ची एक प्रत या बाईंनी परतसुद्धा केली होती. सहीतल्या शेवटच्या अक्षराचं शेपूट जुळत नव्हतं. बाकीच्या प्रतींवर ते खाली उतरून डावीकडे वळतं, या एकीवर उजवीकडे वळलेलं. दालनवालीनं तोंड वाकडं केलं, पण मुकाट्यानं बदलून दिली. बाईंची नजर पक्की. मी बँकेत धनादेशांवरच्या सह्या पडताळण्यात जन्म घालवला म्हणून मला त्यातली मेख कळते. इतरांना काय, सही म्हणजे सही.

तुझे बाबा बरे आहेत. चष्म्याचं दुकान विकल्यापासून रोज संध्याकाळी बाल्कनीत झाडांना पाणी घालायला जातात आणि दार लोटून घेतात. बराच वेळ घालतात. आपल्याकडे कुंड्या दोन आहेत आणि त्यातल्या एकीत निवडुंग आहे. मी काही विचारत नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मात्र त्या दालनवालीच्या खणावर लक्ष ठेव.

आई


२ फेब्रुवारी

मुंगे,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंच नव्हतं, तरी जिन्यातल्या टपालपेटीची किल्ली हल्ली माझ्याच पर्समध्ये असते. तुझे बाबा परस्पर काही काढून घेतील म्हणून नव्हे. तशी सवय लागली आहे.

आता नीट वाच. मागच्या पत्रात नुसता संशय होता, आता पुरावा आहे. तुझं नवीन चित्र, 'टेबलापाशी', वीस प्रतींचं. त्या बाईंनी पहिल्या झटक्यात सहा घेतल्या. घरी येऊन जेवायच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, आणि त्या एकसारख्या नाहीत!

शाई कमीजास्त लागली असती तर मी समजू शकले असते. हातानं छापलेल्यात तेवढं होणारच. पण इथे रेघाच वेगळ्या आहेत. एका प्रतीत टेबलापाशी बसलेल्या बाईच्या हातात कागद आहे, दुसरीत हात आहे पण कागद नाही, तिसरीत हातही नाही. एकीत नाकावर चष्मा, एकीत नाही. बाबांच्या दुकानातलं मोठं भिंग लावून बघितलं. सह्या तुझ्याच आहेत, त्याबद्दल मी कोर्टात उभी राहायला तयार आहे. म्हणजे कागदाखालची सही खरी आणि वरचं चित्र भलतंच. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवणाऱ्यांचं काय होतं ते मी खूप पाहिलं आहे. तू त्या दालनवालीला कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या आहेस का? पत्रा तिच्या ताब्यात आहे का? त्यावर भलत्याच कुणी सुई चालवली आहे का?

दालनवालीला विचारलं, तर म्हणाली, "ताई, हातकाम आहे, थोडा फरक असायचाच."

"थोडा फरक? इथे बाईचा आख्खा हात गायब आहे!"

"चित्रकाराची मर्जी," म्हणाली आणि मण्यांशी चाळा करत बसली. ताकास तूर लागू देत नाही.

इथपर्यंत लिहून झाल्यावर तुझे बाबा मागे येऊन उभे राहिले. मी पत्र झाकलं, पण त्यांनी वाचायचं तेवढं वाचलं होतं.

"ओळखीची बाई कोण गं ही?"

"आहे एक."

"पलंगाखाली चित्रं ठेवते ती?"

"तुम्ही तुमचं काम करा."

"मला आपलं वाटलं, रोज रात्री आपण लेकीच्या चित्रांवर झोपतो, तर निदान तिला तेवढं कळवावं. मुंगी काय दूधखुळी आहे?"

बरं. ती बाई मीच. दालनात मी नाव माहेरचं सांगितलं आहे. त्यात खोटं काही नाही, ते माझंच नाव आहे.

का घेते, असं विचारशील. तुझी चित्रं पडून राहिली तर तुझी पत घसरेल म्हणून घेते, असं मी बाबांना सांगते. ते खरंही आहे. पण एकदा असं झालं की 'पाण्याची टाकी' एका दंतवैद्यानं घेतली, आणि ती त्याच्या दवाखान्यात दात उपटायच्या खुर्चीसमोर लागणार हे मला कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपल्या मागच्या गच्चीवरची टाकी ती. तू तिच्या सावलीत बसून अभ्यासाच्या वहीत चित्रं काढायचीस. ती आता तोंड वासून बसलेले लोक बघणार. त्यानंतर मी एकही प्रत दुसऱ्याच्या हाती पडू द्यायची नाही असं ठरवलं.

तेव्हा पत्र्याचं काय ते कळव. हे मी आई म्हणून विचारत नाही, गिऱ्हाईक म्हणून विचारते.

आई


२० फेब्रुवारी

मुंगे,

आता माझ्याकडे एकोणीस प्रती आहेत. एक नंबरची तेवढी नाही. "ती विकायची नाही" असं दालनवाली म्हणते.

सकाळी पलंग भिंतीला सरकवला, फरशी पुसून कोरडी केली, आणि नंबराप्रमाणे एकोणीस प्रती ओळीनं मांडल्या. बँकेत कागद तपासायचे तर आधी क्रमानं लावायचे, ही पहिली शिस्त. एकेकटा कागद काही सांगत नाही. क्रमात लागला की बोलायला लागतो.

बोलला. पोटभर बोलला.

दोन नंबरच्या प्रतीत आपली खोली आहे. खिडकी, लांब टेबल, वरून लोंबणारा दिवा, आणि टेबलाशी बसलेली बाई. चष्मा नाकावर घसरलेला, कागद दिव्यासमोर उंच धरलेला, ओठ आवळलेले. ती मी आहे, हे सांगायला भिंग लागत नाही. समोर आणखी काहीतरी, दोन उभ्या रेघा. मग पुढे पुढे सरकत गेले. पाचात ओठ नाहीत. आठात चष्मा नाही. अकरात कागद नाही. पुढे हात नाही, मग चेहरा नाही, मग नुसता खांदा. सतरा नंबरात पाठीची एक रेघ उरली आहे. आणि वीस नंबरात टेबल, दिवा आणि एक खुर्ची. खुर्चीत कुणी नाही.

म्हणजे कुणी भलत्यानं सुई चालवली नव्हती. तूच चालवलीस. एका पत्र्यावरून एकेक प्रत काढत गेलीस आणि दर वेळी मला थोडं थोडं खरवडून काढलंस. सगळ्या प्रती एकसारख्या ठेवायचा तुमच्या धंद्याचा नियम मोडलास, तोही एवढ्यासाठी.

मला राग आला आहे. राग म्हणजे, अक्षर बिघडतंय, तेही तुला दिसत असेल. एवढं काय केलं होतं मी? तुला शिकायला बोलावल्याचं पत्र आलं, त्याखालची सही मला रबरी शिक्क्याची वाटली, म्हणून मी त्या संस्थेत फोन करून विचारलं. आपली मुलगी परक्या गावी जाणार, तर कोण बोलावतंय एवढी खात्री करायची नाही? त्यांनी त्याबद्दल तुलाच विचारलं, तुला लाज वाटली, ते मला कळतं. पण ज्यांनी जगात कधी ठकवणूक पाहिली नाही त्यांनीच माझ्याकडे बोट दाखवावं. मी रोज पाहत होते. सख्खे भाऊ एकमेकांच्या सह्या करायचे. जाताना तू म्हणालीस, "तुला माझी निवड खरी वाटावी म्हणून काय करू, अंगठा उठवू?" मी त्यावर काही बोलले नाही, कारण शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या.

तुझ्या बाबांना मी सगळं दाखवलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओणव्यानं फिरले, कंबर धरली आणि म्हणाले, "छान काढलंय पोरीनं."

"छान? तिनं मला पुसून टाकलंय!"

"ते मला नाही कळत. पण खुर्ची अगदी आपली आहे बघ. तो डुगडुगणारा पाय."

या माणसाशी मी संसार केला!

मी ठरवलं आहे. सगळ्या एकोणीस प्रती परत करणार. ज्या घरातून मला घालवलं त्या घराची चित्रं पलंगाखाली ठेवून मी झोपणार नाही. उद्या दालनात फोन करते.

आई


२४ फेब्रुवारी

दालनात फोन केला होता. आता तू आणि मी एकमेकींना फसवायचं बंद करू.

मी म्हटलं, सगळ्या प्रती परत घ्या, आवृत्ती एकसारखी नाही. मला वाटलं, आता ही बाई नियम दाखवेल, किंवा भांडेल तरी. तर ती म्हणते, "हो ताई, घेऊ. चित्रकारानं मला आधीच सांगून ठेवलंय, या बाई परत करायला आल्या तर एक शब्द न बोलता परत घ्या. गुरुवारी माणूस पाठवते."

"या बाई म्हणजे?"

"आणि एक निरोपही दिलाय. मला काही त्याचा अर्थ लागत नाही, तुम्हीच बघा. म्हणाली, त्यांना विचारा, यावेळी शेपूट जुळलं का?"

मी फोन ठेवला. बसायला स्टूलही नव्हतं जवळ.

आधी वाटलं, दालनवालीनं चोंबडेपणा केला. पण तिला माझं माहेरचं नाव सोडून काही ठाऊक नाही. मग तुझ्या बाबांवर संशय गेला. सरळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले. ते निवडुंगाला पाणी घालत होते, खरोखर घालत होते. "तुम्ही सांगितलंत तिला?" म्हटलं, तर म्हणाले, "कशाला सांगायला हवं? सहीचं शेपूट उजवीकडे वळलं म्हणून चित्र परत करणारी बाई या जगात किती असतील असं तुला वाटतं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. म्हणजे 'शिडी'पासून तुला ठाऊक आहे. तुझ्या प्रती कोण घेतं, पलंगाखाली कोण ठेवतं, सगळं. ही पत्रं लिहिण्याच्या कितीतरी आधी. मी मात्र ओळखीच्या बाईंच्या गोष्टी सांगत बसले आणि तू त्या वाचत बसलीस. हसली असशील.

हसलीस त्याचं काही नाही. पण मग 'टेबलापाशी' छापताना तुला माहीत होतं की विकायच्या सगळ्या प्रती एकाच ठिकाणी जाणार. एकेक प्रत घेणाऱ्याला यातलं काही कळलं नसतं. सगळ्या घेणारीलाच ते दिसणार होतं. म्हणजे तू मला नुसतं खरवडलं नाहीस, मला समोर बसवून खरवडलंस. इतकी कशी गं तू कठोर? माझ्यावर गेलीस असं लोक म्हणतील, पण मी असं कधी केलं नसतं. मी जे बोलले ते तोंडावर बोलले.

गुरुवारी माणूस आला की खोकी त्याच्या हाती देईन. माझ्याकडून प्रकरण संपलं.

आई


२७ फेब्रुवारी

मुंगे, मुंगे,

हे पत्र तुला आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं. मागची दोन फाडून टाक. नको, फाडू नकोस. ठेव.

माणूस सकाळीच आला. सोबत पावतीपुस्तक आणि प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या. मी त्याला म्हटलं, प्रती माझ्या हातानं मोजून, बघून देईन, नंतर डाग पडला, कोपरा मुडपला असं मला ऐकायचं नाही. तो म्हणाला, "बघा की आजी, मला घाई नाही," आणि तुझ्या बाबांनी लगेच त्याला चहा केला. मी आजी दिसते का?

मी पुन्हा सगळ्या प्रती फरशीवर मांडल्या. सकाळी त्या खोलीत ऊन आडवं येतं, तुला माहीत आहे. वीस नंबरची रिकामी खुर्ची उचलली, डाग बघायला म्हणून तिरकी धरली, आणि माझा हात तिथेच थांबला.

ती जागा स्वच्छ होती.

आता यात काय, असं कुणीही म्हणेल. पण खाडाखोड शोधण्यात मी उभी हयात घालवली. धनादेशावरचा आकडा ब्लेडनं कितीही हलक्या हातानं खरवडला तरी उन्हात तिरका धरला की जागा बोलते. आणि तांब्याचंही तसंच, हे मी तुझ्याकडूनच ऐकलं होतं. घरी असताना तू एखादी रेघ चुकलीस की ती घासून घासून चिडायचीस, कितीही घासली तरी छापताना तिथे शाईचा करडा डाग उमटायचाच. मी 'शिडी'चं खोकं ओढलं. तिथे वरून तिसरी पायरी तू आधी चुकीच्या जागी काढली होतीस, तो डाग सगळ्या प्रतींवर आहे. भिंग लावून बघितला. मग वीस नंबरवर भिंग लावलं. खुर्चीत काही नाही. करडं नाही, धूसर नाही. तिथे कधी कुणी बसलेलंच नव्हतं.

खोडलेलं असतं तर दिसलं असतं. तू काही खोडलेलंच नाहीस!

मग मी वेड्यासारखी टेबल बघत सुटले. वीस नंबरात टेबलाची कड काळी कुळकुळीत, मखमली. दोन नंबरात तीच कड फिकी, दमलेली. पत्रा दाबाखाली जाऊन जाऊन झिजतो, सुईनं काढलेल्या रेघांचा काळेपणा दर प्रतीगणिक उतरतो, हेही मला ठाऊक होतं. आणि त्या दमलेल्या टेबलाशी बसलेल्या बाईचा चष्मा मात्र ताजा, काळाभोर, नुकता काढल्यासारखा. म्हणजे वीस नंबर आधी छापलेला आणि दोन नंबर शेवटी.

नंबर उलटे कसे, हेही मग लगेच कळलं. ओल्या प्रती तू मध्ये कागद घालून एकावर एक ठेवत गेलीस. वाळल्यावर सह्या करायला बसलीस, तर वरची पहिली उचललीस. वरची म्हणजे सगळ्यात शेवटी छापलेली. आमच्या बँकेत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. दिवसभराचे धनादेश एकावर एक पडतात, म्हणून नोंदी करायच्या आधी गठ्ठा पालथा करायचा. नव्या मुलींना मी हे किती वेळा बजावलं असेल. आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या मुलीचा गठ्ठा मी तसाच सुलटा वाचला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"अहो!" मी ओरडले. "हिनं मला खोडलं नाही!"

"मग?" बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले.

"हिनं मला काढलंय!"

तो माणूस कप हातात घेऊन दारात आला. "न्यायच्या ना प्रती?" म्हणाला. मी म्हटलं, एकीलाही हात लावायचा नाही. त्यानं बाबांकडे बघितलं. बाबांनी त्याला बिस्किटं दिली आणि जिन्यापर्यंत सोडून आले. मी तोवर फरशीवर बसले होते आणि रडत होते, असं ते तुला फोनवर सांगतील, म्हणून मीच सांगते.

मग मी शेवटाकडून सुरुवात केली. वीस, एकोणीस, अठरा. रिकामी खुर्ची. पाठीची एक रेघ. खांदा, मग मान. तू कुठे घाई केलेली नाहीस. हात काढायला तुला तीन प्रती लागल्या, आणि माझी करंगळी वाकडी आहे तीही सोडली नाहीस. कागद दिलास. चष्मा दिलास. ओठ सगळ्यात शेवटी, आणि तेही आवळलेले. मी काही तक्रार करत नाही, आवळलेलेच असतात ते. इतक्या वर्षांत मला इतकं निरखून कुणी बघितलं नाही. तू तिथे दूर बसून, मी समोर नसताना, आठवून आठवून बघितलंस.

आणि दोन नंबरात, टेबलाच्या माझ्या समोरच्या बाजूला, त्या दोन उभ्या रेघा. मागच्या वेळी मी त्या सोडून दिल्या होत्या. आज भिंगातून नीट बघितल्या. दुसऱ्या खुर्चीची पाठ सुरू केली आहेस.

पुढचं एक नंबरात असणार. ते माझ्याकडे नाही.

आई


३ मार्च

मुंगे,

दालनात जाऊन आले. मण्यांची माळ आज निळी होती. मी सरळ म्हटलं, मला एक नंबरची प्रत बघायची आहे, विकत नको, नुसती बघू द्या.

ती म्हणाली, "माझ्याकडे असती तर दाखवली असती हो. ती तिनं आमच्याकडे पाठवलेलीच नाही. तिच्या कामाच्या खोलीत आहे. त्यावर अजून सही नाही, नंबरही घातलेला नाही. म्हणते, कुणी न्यायला आलं तर करीन." आणि माझ्याकडे बघून अशी हसली की मला पुन्हा संशय आला, हिला सगळं माहीत आहे. असू दे. बाई वाईट नाही. खण मात्र तिनं आवरायला हवा.

परत येताना मी बराच विचार केला. ही तुझी युक्ती असेल का, असंही वाटलं. मी तिथे यायचं आणि तू दार उघडायचं नाही. किंवा दार उघडायचं, आणि चित्रात ती दुसरी खुर्ची रिकामीच. मला असे विचार येतात, त्याला इलाज नाही. रिकामी असली तर मी ती तशी बघेन. पण मी तिथे उभी राहून बघेन, खोक्यातून मागवणार नाही.

घरी येऊन तुझ्या बाबांना सांगितलं, मी मुंगीकडे जाते. ते म्हणाले, "शनिवारची बस आहे, खिडकीच्या दोन जागा घेतल्यात." मी म्हटलं, मी आत्ता ठरवलं, तुम्ही कधी घेतल्यात? तर म्हणाले, निवडुंग फार बडबड्या आहे. इस्त्री केलेला सदराही पलंगावर तयार होता. या घरात माझ्याशिवाय सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं चालू होतं असं दिसतं. त्यांचा समाचार मी बसमध्ये घेईन. खूप लांबचा रस्ता आहे.

त्या फोनबद्दल मी माफी मागणार आहे की नाही, ते मला अजून माहीत नाही. समोर आल्यावर तोंडातून काय निघेल ते निघेल. तूही मनात काही तयारी करून ठेवू नकोस. दार नाही उघडलंस तर आम्ही खाली रस्त्यावर बसायला कट्टा असेल तिथे बसू. बाबांना गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही, एवढं लक्षात ठेव.

एकच मागते. त्या प्रतीवर सही करू नकोस. नंबर घालू नकोस, तारीख नको, पेन्सिल लावूच नकोस. तुमच्या बाजारात अशा प्रतीला कुणी विचारत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. नाहीतर मी तुझ्या दारात उभी राहून आधी खाली सहीकडे बघेन आणि मग चित्राकडे. मला माझी खोड ठाऊक आहे. मला यावेळी आधी चित्र बघायचं आहे. तशीच दे.

आई